नोटरीचा शिक्का पाहून तीन लाख इसार दिला

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी दोन भावांच्या नावावरचा प्लॉट ठरला. थोरला पुण्याला, म्हणून धाकट्यानं त्याचं कुलमुखत्यारपत्र दाखवलं. बाँड, लाल गोल शिक्का, नोटरीची सही. कापसाचे पैसे होते, वर बायकोच्या पाटल्या मोडल्या आणि इसार देऊन टाकला.

खरेदीखताची वेळ आली तेव्हा थोरल्याला फोन लावला. तो म्हणाला, "भाऊ, मी त्या दिवशी भोसरीत सेकंड शिफ्टला होतो. मी कुठं सही केली?"

सही करणारा समोर हजर होता, त्याची ओळख पटली, यासाठीच तर नोटरी असते. मी नोटरीकडे जाऊन रजिस्टर मागितलं. शिक्क्याजवळचा अनुक्रमांक सापडला. थोरल्याच्या सहीच्या रकान्यात 'र'चा लांब फराटा, माझ्या इसार पावतीवर धाकट्यानं ओढलाय अगदी तसाच. तिथंच मोबाईलवर फोटो काढला. तेवढं सुचलं म्हणून आज हातात काहीतरी आहे.

मग मध्यस्थ घरी येऊ लागले. "नोटरी वकीलसाहेबांचा पहिलाच गुन्हा आहे, काही होत नसतंय. मिटवून घ्या." महिनाभर मीही तेच खरं धरलं. चूक केली.

फसवणुकीला भारतीय न्याय संहितेच्या कलम 318(4) खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे. पैसे घेण्याचा अधिकार देणारा कागद बनावट केला तर कलम 338, जन्मठेपेपर्यंत. पहिल्याच गुन्ह्यात चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडायची सवलत 1958 च्या परिवीक्षा कायद्यात आहे खरी, पण जन्मठेपेच्या कलमाला कलम 4 ची सवलत लागू नाही. नोटरीच्या यादीतून नाव जाऊ शकतं, ते वेगळंच.

एक अडचण मात्र आधीच माहीत असू द्या. नोटरी कायदा, 1952 च्या कलम 13 प्रमाणे, नोटरीनं काम करताना केलेल्या गुन्ह्याची दखल कोर्ट सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीवरच घेतं. म्हणून ठाण्यात फिर्याद दिली, शिवाय नमुना 13 मधली तक्रार विधी व न्याय विभागाला पाठवली. थोरला साक्षीला तयार आहे.

पैसे आलेले नाहीत. परवा धाकट्यानं त्याच प्लॉटवर आणखी एक गिऱ्हाईक नेलं, सेलूकडचा शेतकरी होता. त्याला स्टँडवर गाठून रजिस्टरचा फोटो दाखवला. तो तसाच परतीच्या एसटीत बसला.