शाळेतलं पथक की मैदानावरचं? स्काऊटिंगला वेळ देण्याआधी

गेल्या महिन्यात सोसायटीतल्या एका तरुण इंजिनियरने विचारलं, "काका, मला स्काऊटसाठी वेळ द्यायचाय. शाळेच्या पथकात मदतीला जाऊ, की आपण इथेच मैदानावर काढायचं?" मी दोन्ही केलंय. आधी बरीच वर्षं शाळेच्या पथकाला मदत, नंतर खुलं पथक. चहावर त्याला जे सांगितलं, तेच जरा सविस्तर.

खुलं पथक म्हणजे कुठल्याही शाळेला न बांधलेलं, वस्तीतल्या मुलांचं. भारत स्काऊट्स आणि गाईड्समध्ये दोन्हीची नोंदणी होते. गणवेश तोच, वचन तेच, प्रवेशापासून तृतीय सोपानापर्यंतच्या पायऱ्याही त्याच. म्हणून बाहेरून बघणाऱ्याला फरक कळत नाही. आत शिरल्यावर आठ दिवसांत कळतो.

वेळ कोणाच्या हातात?

शाळेत सगळं आयतं असतं. मुलं, मैदान, ध्वजस्तंभ, दोर ठेवायला कपाट. नसतो तो वेळ. वेळापत्रकात स्काऊटचा तास असतो, पण सहामाही जवळ आली की तो गणिताला जातो आणि ऑगस्ट उजाडला की संचलनाच्या तालमीला. मी जिथे होतो त्या शाळेत एका वर्षी जून ते दिवाळी पथकाच्या सभा झाल्या चार. स्कार्फ आणि तो अडकवायची कडी, म्हणजे वॉगल, घालून पाहुण्यांच्या स्वागताला मात्र मुलं नऊ वेळा उभी राहिली. मुख्याध्यापक वाईट नव्हते, त्यांना गणवेशातली मुलं फाटकावर शोभून दिसायची एवढंच. शाळेतल्या स्वयंसेवकांची पहिली मागणी त्यामुळे साधी असते: आठवड्याचा एक तास, ज्याला कोणी हात लावणार नाही.

मैदानावर शनिवारची संध्याकाळ तुमची. साडेपाचला शिट्टी वाजली की वाजली. पण मैदान तुमचं नसतं. एका कोपऱ्यात क्रिकेट, नवरात्रात मांडव, मे महिन्यात अर्धी मुलं गावाला. आमचे बांबू दोन वर्षं एका पालकांच्या पार्किंगमध्ये स्कूटरच्या मागे उभे होते आणि दर शनिवारी आधी ती स्कूटर हलवायला चावी मागावी लागायची. खुल्या पथकवाल्यांना काय हवंय? पालिकेच्या शाळेची एक खोली, संध्याकाळी दोन तास. तिथे झाडलोट आम्ही करू.

संघ, म्हणजे खरा मुद्दा

ज्याला निवड करायचीय त्याने इथे थांबून विचार करावा. स्काऊटिंग चालतं संघ पद्धतीवर. सहा ते आठ मुलांचा एक संघ, त्याचा एक संघनायक, आणि मोठ्या माणसाने शक्यतो गप्प बसायचं. पथक 32 मुलांपुढे वाढू नये असं स्काऊटिंगचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी लिहिलं, त्याचं कारणही मजेदार दिलं: मला स्वतःला 16 मुलंच झेपायची, तुम्ही माझ्या दुप्पट समर्थ आहात असं धरून चालतो.

शाळेत संघ बहुधा एकाच वर्गातला असतो. सगळे सातवीचे. मग संघनायक कोण? वर्गाचा मॉनिटर. त्याला गाठी इतरांइतक्याच येतात, म्हणजे येत नाहीत. शिकवायचं सगळं सरांनी आणि मुलांनी रांगेत बसून ऐकायचं. स्काऊटचाही वर्गच होतो.

मैदानावर दहा वर्षांचा आणि पंधरा वर्षांचा एकाच संघात येतात. एकदा शिबिरात सहावीतला एक मुलगा चपला ठेवायचं गॅजेट, म्हणजे बांबूची मांडणी, बांधत होता. दोन बांबू काटकोनात जोडणारी चौरस बांधणी दर खेपेला सैल पडून घसरायची. शेजारी नववीतला संघनायक उकिडवा बसला. त्याने दोर हातात घेतला नाही. नुसतं म्हणाला, "क्लोव्ह हिचची गाठ उभ्या बांबूला, आडव्याच्या खाली. आता फिरव. आता मधून आवळ." तिसऱ्या खेपेला बांधणी बसली. पोराने ती पायाने ढकलून बघितली आणि दुसरा कोपरा बांधायला आपणहून गेला. मी दहा पावलांवर होतो, माझं काहीच काम नव्हतं. इतकं चांगलं मला शाळेतल्या एवढ्या वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं.

शाळेतही हे होऊ शकतं. सहावी ते नववीचे मिश्र संघ करा, एवढंच मागणं आहे. अडतं ते तासांच्या जुळणीवर.

खरी कमाई

खरी कमाई हा स्काऊटचा उपक्रम: मुलांनी श्रम करून पैसे कमवायचे. शाळेत त्याचा आनंदमेळा होतो: वडे आईने तळलेले, टेबल वडिलांनी आणलेलं, मुलगा गल्ल्यावर. फोटो उत्तम येतात. वस्तीत सायकली पुसणं, कुंड्यांतली माती बदलणं, रद्दी गोळा करणं जमतं, कारण गिऱ्हाईक ओळखीचं असतं. कमाई कमी होते, पण ती मुलांची असते.

कागद, पुरस्कार, प्रशिक्षण

इथे शाळा सरळ जिंकते. नोंदणी, पालकांची संमतिपत्रं, जिल्हा मेळाव्याची पत्रं, सगळं कार्यालयातून जातं. सोपानांनंतरचे राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार आणि दहावीचे सवलतीचे गुण यांत ज्याचा जीव अडकलाय त्या पालकाने खुल्या पथकाच्या वाटेला जाऊ नये. मी हे पालकांना तोंडावर सांगतो. त्या गुणांपायी सोपान घाईघाईने उरकले जातात आणि नोंदवह्या एका रात्रीत लिहिल्या जातात, हे दोन्हीकडच्या स्वयंसेवकांना खटकतं.

दुसरं दोघांना खटकणारं म्हणजे पथक चालवणाऱ्यांचा प्रशिक्षणाचा बेसिक कोर्स: सात दिवस, निवासी. शिक्षकाला ड्युटी म्हणून जाता येतं. खासगी नोकरी करणाऱ्याने सात रजा कुठून आणायच्या? शनिवार-रविवार जोडून तो तीन-चार तुकड्यांत करा, ही मागणी जुनीच आहे.

मुलामुलींच्या एकत्र पथकांबद्दल मतं फाटलेली आहेत. आपल्याकडे स्काऊट (मुलगे) आणि गाईड (मुली) संस्था एक पण पथकं वेगळी. ब्रिटनमधल्या स्काऊट संघटनेने 1991 मध्ये सर्व वयोगटांत मुलींना घेण्याची मुभा दिली आणि 2007 पासून ते सगळीकडे लागू केलं. मला एकत्र आवडेल. मात्र अमेरिकेतल्या स्काऊट संघटनेचा नियम आधी उचलावा: किमान दोन प्रौढ हजर असल्याशिवाय कार्यक्रमच नाही. मैदानावर तर तो लागतोच. एकटे असाल तर खुलं पथक काढू नका.

मग कुठे जायचं?

सोबत आणखी दोघं असतील आणि पुढची तीन वर्षं शनिवार मोकळे असतील, तर मैदान. एकटे असाल, दोर हातात घेऊन वीस वर्षं झाली असतील, तर आधी वर्षभर शाळा. शाळा निवडताना पुरस्कारांचे फोटो दाखवतील ते बघा, चहा घ्या आणि मग पथकाची गेल्या वर्षीची सभांची वही मागा. तारखा मोजा. पंचवीसच्या वर भरल्या तर दुसऱ्या दिवसापासून जायला लागा. वही सापडत नसेल, तर आमच्या मैदानावर या. स्कूटर हलवायला माणूस लागतोच आहे.