स्पॅनिश २१: नेहमीच्या ब्लॅकजॅकसारखं खेळलात तर महागात, नीट खेळलात तर एक नंबर टेबल

व्हेगास, अटलांटिक सिटीला जाणाऱ्या आपल्या मंडळींसाठी लिहितेय. दरवेळी बघते, सगळे ब्लॅकजॅकच्या (२१ च्या पुढे न जाता पानं वाटणाऱ्या डीलरपेक्षा जास्त बेरीज करायचा पत्त्यांचा खेळ) गर्दीच्या टेबलवर जाऊन बसतात, तिथे ६:५ लिहिलेलं असतं ते कोणी वाचत नाही, आणि बाजूचं त्याच खेळाच्या एका प्रकाराचं, स्पॅनिश २१ चं, टेबल अर्धं रिकामं. ६:५ म्हणजे १५ डॉलर लावून ब्लॅकजॅक लागला (पहिल्या दोन पानांत एक्का आणि दहा किमतीचं पान, म्हणजे दश्शी, गुलाम, राणी किंवा राजा) तर साडेबावीसच्या जागी १८ हातात, आणि त्या एका नियमाने कॅसिनोचा फायदा जवळपास १.४ टक्क्यांनी वाढतो. स्पॅनिश २१ मध्ये अजूनही ३:२ मिळतात.

हा खेळ १९९५ पासून आहे, मास्क पब्लिशिंग कंपनीचा. गंमत अशी की प्रत्येक कॅटमधून चारही दश्श्या काढून टाकलेल्या असतात. गुलाम, राणी, राजा तसेच, म्हणजे ५२ ऐवजी ४८ पानं, आणि असे सहा किंवा आठ कॅट. याचा फटका मोठा आहे. सहा कॅटच्या साध्या ब्लॅकजॅकमध्ये साधारण २१ हातांत एकदा ब्लॅकजॅक लागतो, इथे २४ हातांत एकदा, आणि डीलर बस्ट होण्याचं, म्हणजे २१ च्या वर जाण्याचं, प्रमाणही कमी होतं.

मग त्या बदल्यात देतात काय, तर भरपूर. तुमचे २१ झाले की तुम्ही जिंकलात, डीलरचेही २१ असले तरी. तुमचा ब्लॅकजॅक डीलरच्या ब्लॅकजॅकला हरवतो. कितीही पानं घेतल्यावर डबल करता येतं (पैज दुप्पट करून फक्त एक पान घ्यायचं), सरेंडर करून, म्हणजे हात सोडून, अर्धे पैसे परत घेता येतात. पाच पानांत २१ केले तर ३:२, सहा पानांत २:१, सात किंवा जास्त पानांत ३:१. ६-७-८ किंवा तीन सत्त्या आल्या तर ३:२, तिन्ही एकाच रंगाच्या, म्हणजे तिन्ही बदाम वगैरे, तर २:१, आणि तिन्ही इस्पिक असतील तर ३:१. फक्त डबल केलेल्या हातावर हे बोनस मिळत नाहीत, हे लक्षात ठेवा.

आता खरी गोष्ट. हातात छक्की आणि सत्ती, डीलरची दुर्री उघडी. साध्या ब्लॅकजॅकमध्ये १३ वर आपण डोळे झाकून थांबतो. इथे थांबायचं नाही, पान मागायचं, कारण दश्श्या नाहीत म्हणून आपण बस्ट व्हायची भीती कमी आणि डीलरही सहजासहजी बस्ट होत नाही. अठ्ठी आली की ६-७-८, १५ डॉलरवर साडेबावीस लगेच समोर, डीलरचं पुढे काय होतं ते बघायलाही नको. मला या खेळातला सगळ्यात आवडता हात हाच.

तसंच १२ वर डीलरचं कुठलंही पान असो, हिट, म्हणजे पान मागा. १४ असतील आणि डीलरची दुर्री किंवा तिर्री असेल तरी हिट. ज्यांना साध्या ब्लॅकजॅकचं कधी काय करायचं याचं जुनं कोष्टक पाठ आहे त्यांना हे फार जड जातं, आणि कॅसिनो नेमका तिथेच कमावतो.

डबल रेस्क्यू नावाची सोय तर बहुतेकांना माहितीच नसते. समजा ११ वर डीलरच्या अठ्ठीसमोर डबल केलं, १५ चे ३० झाले, आणि दुर्री येऊन १३ वर अडकलात. अशा वेळी मूळचे १५ सोडून द्यायचे आणि नंतरचे १५ उचलून घ्यायचे. डीलरचं पान ८ किंवा त्याहून मोठं आणि आपले १६ किंवा कमी, तर हेच करावं. मात्र तोंडाने स्पष्ट सांगा, डीलर स्वतःहून विचारेलच असं नाही.

इन्शुरन्स, म्हणजे डीलरचा एक्का उघडा असताना त्याचा ब्लॅकजॅक होईल यावर लावायची वेगळी पैज, अजिबात घेऊ नका. ४८ पैकी १२ च पानं दहा किमतीची, म्हणजे चारात एकदा लागणार आणि मिळणार २:१, शंभर डॉलरमागे जवळपास पंचवीस गेले. सुपर बोनसचाही नाद नको. तीन एकरंगी सत्त्या आणि डीलरचीही सत्ती उघडी, असं झालं तर २५ डॉलर किंवा जास्त लावलेल्याला ५००० मिळतात, पण सहा कॅटमध्ये हे साधारण पावणेसात लाख हातांत एकदा होतं. तरीही पहिल्या दोन सत्त्या एकरंगी असतील आणि डीलरची सत्ती दिसत असेल तर स्प्लिट (जोडीचे दोन वेगळे हात) करू नका, पान मागा, कारण स्प्लिट केलं की तो बोनस गेलाच.

बसायच्या आधी टेबलवर छापलेलं वाचा. डीलर सॉफ्ट १७ वर (एक्का ११ धरून झालेले १७) थांबत असेल तर कॅसिनोचा फायदा ०.४ टक्क्यांच्या आसपास. तो सॉफ्ट १७ वर पान घेत असेल तर ०.८ च्या जवळ जातो, पण तिथे डबलवर पुन्हा डबल करू देत असतील तर परत ०.४ च्या आसपास येतो. हे सगळं बरोबर स्ट्रॅटेजीने खेळलात तरच. एका ठिकाणी रीडबलचं विचारलं तर डीलरने खांदे उडवले आणि फ्लोअर मॅनेजरला बोलवायला लागलं. बोलवायचं, त्यात लाजायचं काही नाही.

माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. एक कापला तो मॅच द डीलर नावाच्या साइड बेटसाठी (आपलं पान डीलरच्या उघड्या पानाशी जुळेल यावरची वेगळी पैज), डीलर सतत त्याचा आग्रह करत राहतात आणि त्यात कॅसिनोचा वाटा मुख्य खेळापेक्षा कितीतरी जास्त असतो. स्ट्रॅटेजीचं छापील कार्ड बहुतेक ठिकाणी समोर ठेवून खेळू देतात, फक्त ते स्पॅनिश २१ चंच आहे ना हे बघून घ्या, गिफ्ट शॉपमध्ये मिळतं ते बहुतेक वेळा साध्या ब्लॅकजॅकचं असतं.