दहा महिने वापरलेला इंग्रजी वाचनाचा कार्डसंच, आणि त्या 'दॅन'ने काढलेला घाम

गेल्या जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी हा संच ऑनलाइन मागवला होता, आता एप्रिल चालू आहे. पहिल्याच आठवड्यात रिव्ह्यू टाकला असता तर डोळे झाकून पाच स्टार दिले असते, बरं झालं नाही टाकला. आत साठ कार्डं आहेत, पुढच्या बाजूला पाच-सहा ओळींचा इंग्रजी उतारा, मागे चार प्रश्न, शिवाय टॉल-टॉलर-टॉलेस्ट शिकवणारं एक पातळसं वर्कबुक. किंमत सहाशेच्या घरात. आम्ही देवगड तालुक्यात, कुरिअर घरापर्यंत येत नाही, जामसंड्याला जाऊन आणलं.

वापरणारे दोघं: माझी लेक तिसरीत, दिरांचा मुलगा चौथीत. दोघंही मराठी शाळेत. आमच्या वेळी एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची, २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, त्यामुळे पोरं वाचतात फडाफडा. कळतं किती हा वेगळा विषय.

ते कळलं मला साधारण तिसऱ्या आठवड्यात. प्रश्न असायचा, मीना कुठे गेली? लेक उताऱ्यात 'मीना' शोधायची आणि ती अख्खी ओळ उतरवून काढायची. उत्तर बरोबर! मी खूश, नवरा खूश. एकदा सहज म्हटलं, आता मराठीत सांग ना कुठे गेली ती, तर बाईसाहेब छपराकडे बघायला लागल्या. म्हणजे इतके दिवस नुसता जोड्या लावायचा खेळ चालला होता.

मग आलं ते कार्ड, तेविसावं. 'रवी इज शॉर्टर दॅन सुनील. सुनील इज शॉर्टर दॅन अमित. हू इज द टॉलेस्ट?' आता इथे गंमत अशी की टॉलेस्ट हा शब्दच उताऱ्यात नाही, उतरवणार काय? दोघांनीही सांगितलं रवी. का, तर पहिलं नाव त्याचं. मी लेकीला म्हटलं एकेक शब्दावर बोट ठेवून मराठी कर. तिने केलं, 'रवी... पेक्षा... सुनील बुटका'. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपलं 'पेक्षा' नावाच्या पाठीला चिकटतं, सुनीलपेक्षा, आणि इंग्रजीतला दॅन नावाच्या पुढे उभा राहतो. पोरगी दॅन वाचायची आणि सवयीने तो मागच्या रवीला चिकटवून मोकळी व्हायची. वाक्य सरळ उलटं! सासूबाई मालवणीत बोलतात, 'तुज्यापरास ता बारीक असा', तिथेही परास मागेच. घरात चोवीस तास हेच कानावर पडतंय म्हटल्यावर मुलांची चूक नाही.

यावर वर्कबुकात एक ओळ नाही. तिथे फक्त 'दॅन म्हणजे पेक्षा' असा चौकोन करून दिलाय, आणि खरं सांगायचं तर त्यानेच घोळ केला. आम्ही काय केलं, दोन बोटं ठेवायची, 'दॅन सुनील' हा एकच घास, त्याचं आधी मराठी, सुनीलपेक्षा, मग मागे येऊन रवी बुटका. पंधरा दिवस बाकी सगळं बंद, नुसतं हेच. सतराव्या की अठराव्या दिवशी पुतण्या बोटं न ठेवता बरोबर बोलला.

वर्कबुकचा नियमांचा भाग तसा चांगला आहे. बिगला जी डबल, हॅपीच्या वायचा आय, गुड-बेटर-बेस्ट वेगळं, ब्यूटिफुलसारख्या लांबड्या शब्दाला मोअर, हे सगळं नीट क्रमाने आहे. पण शेवटी दिलेल्या उत्तरांत 'थिनर' एकाच एनचा छापलाय! पुतण्याने पकडलं, कारण बाबांच्या होडीला रंग काढताना थिनरचा डबा त्याने रोज बघितलेला, त्यावर दोन एन आहेत. मी म्हटलं हा थिनर तो नाही पण स्पेलिंग तेच, बघ. 'मोअर बिगर' मात्र अजून पूर्ण गेलेलं नाही, आपण 'जास्त मोठा' म्हणतोच ना, तिथून येतं ते.

पावसाळ्याबद्दल. जाहिरातीत वॉटरप्रूफ लिहिलंय. आमच्या जुलैत लॅमिनेशनच्या कडा फुगल्या आणि दहा-बारा कार्डांवर काळे ठिपके आले. आता बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते. क्यूआर कोडवर ऑडिओ आहे म्हणे, आमच्याकडे रेंज विहिरीपाशी येते, त्यामुळे दोनदाच ऐकलं.

चित्रांवरून मी आधी खूप चिडले होते. सगळा बर्फ, स्नोमॅन, जिराफ. मग स्वतःच पोस्टकार्डाएवढे तुकडे कापून आमच्याकडची कार्डं केली. तारली आणि बांगडा. दिवाळीत कणकवलीहून मुंबईला गेलो तेव्हा रत्नागिरीच्या अलीकडचा पानवल नदीचा पूल, ६४ मीटर उंच, आणि पुढे साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब. पुलापेक्षा कुतुबमिनार उंच आहे हे पुतण्याला अजिबात मान्य नव्हतं, त्याने पुलावरून खाली बघितलं होतं ना.

पण परवा आंब्याच्या पेट्या भरताना माझंच मत थोडं फिरलं. मी कार्ड लिहिलं, ए पेटीत चार डझन, बी पेटीत सात डझन, पेट्या सारख्याच, मोठा आंबा कुठल्या पेटीत? लेक म्हणाली बी, सात मोठे म्हणून. पुतण्याने कार्डाकडे बघितलंही नाही, पेंढा पसरता पसरता म्हणाला, चार डझनी, त्याला काय वाचायचंय. लहानपणापासून पेट्या भरतोय, त्याला माहीतच आहे की फळ मोठं तर पेटीत मावतं कमी. उत्तर बरोबर आणि वाचन शून्य! तेव्हा त्या बर्फाच्या कार्डांचा उपयोग कळला, जे कधी बघितलंच नाही तिथे वाचल्याशिवाय सुटका नाही. आता दोन्ही मिसळून देते.

पाचपैकी साडेतीन. अर्धा थिनरचा, अर्धा बुरशीचा आणि अर्धा त्या चौकोनाचा कापला. ज्यांना मुलांसोबत रोज वीस मिनिटं बसता येत नाही त्यांनी घेऊ नका, नुसतं हातात दिलं तर मुलं ओळी उतरवून वही भरतील आणि तुम्हाला वाटेल प्रगती चाललीय.

काल लेकीने स्वतः एक कार्ड केलं. 'दादा इज ओल्डर दॅन मी. दादा इज लेझियर दॅन मी. हू विल गेट द बिगर मँगो?' दादाने पहिल्यांदाच नीट दोनदा वाचलं, कार्ड उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाला, काकी, हे हिने वर लिहिलेलंच नाहीये, ही चीटिंग आहे.