किर्लोस्करवाडी की वालचंदनगर: दोन उद्योगनगरींचा पाया

उद्योग कसा उभा राहतो हे समजून घ्यायला आधी कुठे जावं, किर्लोस्करवाडीला की वालचंदनगरला? दोन्ही गावं माळरानावर कारखान्यासाठी वसली, पण सुरुवात अगदी वेगळी. बेळगावच्या कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ जमीन दिली आणि 1910 मध्ये वाडी उभी राहिली. स्टेशन शेजारी असणं मोलाचं होतं: बिडाचं (ओतीव) लोखंड, कोळसा आत यायचा, नांगर बाहेर जायचे. लोखंडी नांगर जमिनीला विष लावतो, या समजुतीमुळे गिऱ्हाईक मिळेना. शिवाय नांगरात झिजतो तो जमिनीत घुसणारा फाळच. तो सुटा, बदलता येणारा हवा आणि कडक असूनही दगडाला लागून तुटणार नाही असा ओतायला हवा. बीड फार कडक झालं की ठिसूळ होतं. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून काम चालू राहिलं.

वालचंद हिराचंद मात्र आधीच मोठे ठेकेदार. इंदापूर तालुक्यातल्या कळंबजवळ त्यांनी आधी ऊस उभा केला, मग 1930 च्या दशकात साखर कारखाना. नीरा कालव्याच्या काळ्या जमिनीत निचरा नसेल तर क्षार वर येतात आणि रान चोपण, म्हणजे खारवट आणि नापीक होतं. म्हणून पाण्याइतकेच निचऱ्याचे चरही महत्त्वाचे. पुढे तिथे साखरेची यंत्रसामग्री बनू लागली, आणि नंतर इस्रोच्या रॉकेट मोटरची आवरणंही.

मोठ्या भांडवलाशिवाय उद्योग कसा उभा राहतो हे शिकायचं असेल, तर मी आधी किर्लोस्करवाडीच सुचवेन. शिवाय तिथे आजही रेल्वेने थेट उतरता येतं.