नाशिकमधल्या सातपूर अशोकनगरचा दहावी गणिताचा क्लास: शिकवणं पक्कं, पाटीवर आडनाव नाही

नववीतून कसाबसा वर ढकललेला, शाळेनं 'याच्याकडून होणार नाही' म्हणून सोडून दिलेला मुलगा गणितात उभा करायचा असेल, तर संध्याकाळचा हा क्लास पाहाच. शिकवणारे सर सुरगाण्याकडचे, कोकणा आदिवासी. बोलण्यात गावाकडचा हेल आहे. नवी बॅच आली की मागच्या बाकावरून त्याची नक्कल होते. काही पालक तर फीआधी सरांचं आडनाव विचारतात आणि 'कोट्यातले असतील' म्हणून मोकळे होतात.

सर आवाज चढवत नाहीत. नक्कल करणाऱ्याच्याच हाती खडू देतात आणि फळ्यावर मुद्दाम चुकवलेल्या गणितातली चूक शोधायला लावतात. चूक आपली नसल्यानं पोरगं बिचकत नाही. सापडली की त्याच वर्गासमोर त्याची मान वर होते. दुसऱ्या दिवशी ते पुढच्या बाकावर येतं.

पहिला आठवडा पुस्तक बंद. अपूर्णांक, अधिक-उणे चिन्हं आणि २० पर्यंतचे पाढे. कोण कुठं अडतो ते इथंच कळतं. वर्गसमीकरणात −१४ चे असे अवयव हवेत की बेरीज −५ यावी. मुलं +७ आणि −२ लिहितात, कारण गुणाकार जुळतो. बेरीज +५ झाली हे बघतच नाहीत. सर गुणाकाराची आणि बेरजेची ओळ वेगवेगळी लिहून घेतात, त्याशिवाय पुढची पायरी नाही. वहीचं डावं पान गणिताला, उजवं फक्त चूक का झाली त्याला. चाचणीआधी उजवी पानं चाळली तरी पुरतं.

बीजगणिताच्या ४० गुणांची तयारी खणखणीत होते. भूमितीच्या ४० मध्ये मात्र पक्ष (काय दिलंय), साध्य (काय सिद्ध करायचंय) लिहिण्यातच तास जातो, सिद्धतेचा सराव कमी पडतो. खोली लहान, पण हवेशीर.

खरी तक्रार मालकांबद्दल आहे. बाहेरच्या पाटीवर बाकी शिक्षकांची पूर्ण नावं, या सरांचं नुसतं पहिलं. प्रवेश जातील या धास्तीनं आडनाव झाकायचं आणि पालकांचे प्रश्न सरांनी एकट्यानं झेलायचे, हे अन्यायाचं आहे. पूर्ण नाव लावा. शंका घेणाऱ्या पालकाला दोन दिवस वर्गात बसू द्या.

प्रवेश जूनमध्येच घ्या. दिवाळीनंतर येणाऱ्याला पायाचा आठवडा मिळत नाही. तो थेट अंकगणिती श्रेढीत, म्हणजे सारख्याच फरकानं पुढं जाणाऱ्या संख्यांच्या रांगेत, बसतो आणि तो सामान्य फरक उणे आला की तिथंच अडकतो.