गोठ्याशेजारी झोपणाऱ्या पोरांना कोणती मच्छरदाणी?

पलूसच्या नणंदेनं परवा फोनवर विचारलं, “वहिनी, पोरांसाठी साधी मच्छरदाणी घेऊ का औषधाची?” तिचं घर माझ्या डोळ्यासमोर आहे. मागची भिंत दगड-मातीची, तिला लागून म्हशींचा गोठा, आणि पोरांची अंथरुणं त्याच भिंतीच्या कडेला. अशी घरं वाळव्यापासून खटावपर्यंत अजून पुष्कळ आहेत, म्हणून तिला सांगितलं तेच इथं लिहिते.

नुसत्या डासांचा प्रश्न असता तर न फाटलेली, गादीखाली नीट खोचलेली साधी जाळी पुरली असती. पण गोठ्याच्या भिंतीत वाळूमाशी राहते. डासाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढी, दोन-तीन मिलिमीटरची. रात्री भिंतीवर बॅटरी मारा. मातकट रंगाची, केसाळ, पंख वर उभे धरून बसलेली दिसेल. हात नेला की सरळ उडत नाही, टुणटुण उड्या मारत सरकते. ती गुणगुणत नाही, त्यामुळे चावल्यावरच कळतं. साध्या जाळीच्या भोकातून ती सहज आत शिरते.

तिच्या चाव्यातून होणारा काळा आजार (लांबणारा ताप आणि पोटात प्लीहा वाढणं) मुख्यतः बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश, पश्चिम बंगालचा. आपल्याला धास्ती तिच्याच चाव्यातून पसरणाऱ्या, मेंदूला सूज आणणाऱ्या चांदीपुरा विषाणूची. हे नावच नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाचं. 1965 साली तो तिथं सापडला. 2003 मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात, 2024 मध्ये गुजरातेत त्यानं लहान मुलं नेली. लस नाही, नेमकं औषध नाही. ताप, उलट्या, झटके असं सुरू झालं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

आता बारीक विणीची जाळी आणि औषधाची जाळी. बारीक विणीतून माशी आत येत नाही हे खरं, पण वाराही येत नाही. एप्रिल-मेच्या उकाड्यात पोरं मध्यरात्री ती पायानं वर सारतात, मग ती असून नसून सारखीच. औषधाच्या जाळीचं काम वेगळं. तिच्या धाग्यात डेल्टामेथ्रिनसारखं कीटकनाशक मुरवलेलं असतं; माशी जाळीवर टेकली की मरते, नाहीतर मागे फिरते. वीस धुण्यांपर्यंत, साधारण तीन वर्षं असर टिकेल अशा बेतानं ती बनवतात.

पण ही जाळी म्हणजे कवच नव्हे. काबूलमध्ये वाळूमाशीमुळे अंगावर होणारे फोड अशा जाळ्यांमुळे बरेच कमी झाले. बिहार आणि नेपाळमध्ये मात्र गावंच्या गावं जाळ्या वाटूनही काळ्या आजाराचा संसर्ग ठळकपणे घटला नाही. माणसं अंथरुणाबाहेरही चावली जातात, हे त्याचं एक कारण मानतात. आपल्याकडेही दिवेलागणीला धारा काढताना अंगावर जाळी कुठली असणार?

तरी माझा कौल औषधाच्या जाळीलाच. गोठा लांब, भिंती सिमेंटच्या आणि गिलावा धड असेल, तर साधीवर भागेल. नणंदेसारख्या घरात, लहान पोरं असताना, जादा पैसे घालावेत.

घेतल्यावर आधी एक दिवस सावलीत पसरून ठेवा. धुताना थंड पाणी, साधा साबण, वाळवणं सावलीतच. आणि कृपा करून कृष्णेच्या घाटावर किंवा कॅनॉलवर धुऊ नका. हे औषध पाण्यातल्या मासळीला विष आहे. धुतलेलं पाणीही ओढ्यात नको, जमिनीतच जिरवा.

आठवड्याचा कोरडा दिवस, म्हणजे पाण्याची भांडी-टाक्या रिकाम्या करून घासायचा दिवस, डासांसाठी पाळायचाच, पण वाळूमाशी पाण्यात वाढत नाही. तिची अंडी भिंतीच्या भेगांत, शेणामुताच्या ओलसर मातीत असतात. टाकी घासून ती हटत नाही. नणंदेला म्हटलं, जाळी येईल तेव्हा येईल, मागच्या भिंतीच्या भेगा याच रविवारी लिंपून घे, आणि तोवर पोरांची अंथरुणं पुढच्या सोप्यात टाक.