मैवंदच्या सर्जनचं पदक: माणूस खरा, माल बनावट

इंग्लंडात राहून जुनी लष्करी पदकं जमवणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. मला गंडवणाऱ्या विक्रेत्याचं दुकान अजून चालू आहे आणि ब्रिटिशांच्या मुंबई सैन्याच्या नावावर आपल्यासारखी गिऱ्हाइकं येतात, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

माल असा होता: दुसऱ्या अफगाण युद्धाचं चांदीचं पदक, त्यावर 'काबूल' आणि 'कंदाहार' या लढायांच्या दोन पट्ट्या (क्लॅस्प), जोडीला काबूल-कंदाहार कूचाचा ब्राँझचा स्टार. मालक मुंबई सैन्यातला सर्जन. 27 जुलै 1880 ला अफगाणिस्तानात मैवंदला अफगाण सेनापती अयूबखानाने ब्रिटिश जनरल बरोजच्या ब्रिगेडची धूळधाण केली, तेव्हा हा डॉक्टर तिथे होता. नंतर कंदाहारच्या वेढ्यात अडकला आणि पुढे सर्जन-मेजर म्हणून निवृत्त झाला. विक्रेत्याने ही सगळी कारकीर्द टाइप करून दिली होती. क्रॉफर्डच्या 1930 च्या इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या नामावलीशी ताडून पाहिली, तर शब्द न् शब्द जुळली. या लोकांची मेख हीच आहे. खऱ्या माणसाची खरी कारकीर्द उचलायची आणि भलत्याच पदकावर चिकटवायची.

ब्रिटिश पदकांच्या कडेवर हुद्दा, नाव आणि पलटण असते. या कडेवर होतं 'सर्जन-कॅप्टन'. हा हुद्दा 1891 मध्ये आला, आणि हा डॉक्टर त्याआधीच निवृत्त झाला होता. ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या कागदपत्रांतला मेडल रोल, म्हणजे कुणाला कोणतं पदक मिळालं त्याची यादी, काढला, तर त्याच्या नावापुढे पट्टी एकच, कंदाहारची. 'काबूल'ची पट्टी डिसेंबर 1879 मध्ये काबूलभोवती लढलेल्यांची. स्टार मिळाला तो ऑगस्ट 1880 मध्ये जनरल रॉबर्ट्सबरोबर काबूलहून कंदाहारला तीनेकशे मैल चालून आलेल्यांना आणि वाटेत कलात-ए-घिलझाईला त्यांना मिळालेल्या शिबंदीला. कंदाहारात कोंडलेल्या माणसाला यातलं काही मिळणं शक्यच नव्हतं. मैवंदसाठी तर पट्टी निघालीच नाही.

मग कॅलिपर लावला. हे पदक 36 मिलिमीटरचं असतं, माझ्या हातातलं जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरने कमी भरलं. म्हणजे कड घासली होती. पट्ट्या जोडणारे रिव्हेट कोरे करकरीत होते. भिंगाखाली तिरपा उजेड टाकल्यावर नव्या अक्षरांच्या मागे जुन्या अक्षरांचे पुसट ओरखडे दिसले. नाव पार गेलं होतं, शेवटचं 'बीओ' आणि 'एनआय' तेवढं उरलं होतं. बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री.

कुणा शिपायाचं पदक होतं ते. साताऱ्याकडचा असेल, कोकणातला असेल. सर्जनच्या पदकाला शिपायाच्या पदकाच्या कितीतरी पट भाव येतो, एवढ्यासाठी त्याचं नाव कानशीने उडवलं. रोलमध्ये तो शिपाई कुठेतरी असणार, पण हे पदक त्याचं होतं हे आता कुणालाच सांगता येणार नाही. पैसे गेले त्याचा राग आहेच. पण हे जास्त जिव्हारी लागलं.

पैसे परत मागितले तर आधी 'तज्ज्ञाला दाखवतो' म्हणाला, मग फोन उचलणं बंद. कार्ड चालत नाही असं सांगून त्याने पैसे थेट खात्यात घेतले होते, आणि त्यामागे कारण असतं. इथल्या 1974 च्या ग्राहक पतकायद्याप्रमाणे 100 पौंडांच्या वर आणि 30,000 पर्यंतच्या खरेदीत क्रेडिट कार्ड कंपनीही जबाबदार धरली जाते. खात्यात टाकलेल्या पैशांना हे संरक्षण नाही. पोलिसांत तक्रार दिली आहे, अजून उत्तर नाही.

त्याच हाताने कोरलेलं आणखी एक 'सर्जनचं' पदक सध्या विक्रीला आहे, 1857-58 चं, 'सेंट्रल इंडिया' पट्टीचं. हुद्द्याच्या जागी कोरलंय आर.ए.एम.सी. रॉयल आर्मी मेडिकल कोअर स्थापन झाली 1898 साली. कुणाला ते दाखवलं गेलं, तर आधी पूर्ण कडेचे फोटो मागा आणि व्यास मोजून घ्या.